समुद्राकाठचा कूलर

भर उन्हाळ्यातही हवा ओली असते, हे मला घर सोडेपर्यंत माहीतच नव्हतं. आमच्या देवळीला उन्हाळ्यात आईनं दांडीवर लुगडं टाकावं, आत जाऊन गडवाभर पाणी प्यावं आणि परत यावं, तर लुगडं वाळून पापडासारखं कडक झालेलं. हवा म्हणजे कोरडी, हवा म्हणजे गरम, आत घेतली तर नाकाला चटका देणारी. एवढी एकच जात मला ठाऊक. त्यामुळे मस्कतच्या विमानतळाबाहेर पाय ठेवला आणि कुणी तरी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं तोंडावर धरावं तसं झालं, तेव्हा मला वाटलं, इथे शेजारी कुठे तरी मोठ्या पंगतीचा भात शिजतो आहे. मी त्या वाफेची चूल शोधत मान वळवून वळवून पाहू लागलो. मला न्यायला आलेला फोरमन म्हणाला, "क्या ढूँढ रहा है?" मी म्हणालो, "कुछ नहीं साहब." आल्या आल्या वेडा ठरायची माझी तयारी नव्हती.

माझी मुलगी हे कागद वाचते आणि म्हणते, बाबा, साल टाका, महिना टाका, तुमचं वय टाका. मी म्हणतो, तू टाक. मला सालापेक्षा ती हवा जास्त आठवते. मिसरूड फुटून थोडे दिवस झाले होते आणि शाळा सुटून बरेच, एवढं पुरे. शाळा आठवीत सुटली. मास्तरांचं माझ्यावर काही वाकडं नव्हतं, पण फळ्यावरचं मला उशिरा समजायचं आणि पत्रा लवकर समजायचा. बसस्टँडजवळ रामेश्वरभाऊंचं पत्र्याचं दुकान होतं. होळीच्या आधीपासून कूलर, पावसाळ्यात धान्याच्या कोठ्या, दिवाळीच्या सुमाराला आलमाऱ्या. सगळ्यांत कूलर माझ्या हाताला बसला होता. आसपासच्या खेड्यांतून लोक बैलगाडीत घालून कूलर न्यायचे आणि आठवड्यानं येऊन तक्रार करायचे, "हवा थंडी येत नाई ना भाऊ." मी अगदी डॉक्टरसारखा सांगायचो, "गवत नीट भिजू द्या. पाणी कमी पडून राह्यलं असन." आणि माझं खरं ठरायचं. आयुष्यात एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, ती म्हणजे कूलर, असं मला वाटत होतं. मस्कतच्या नोकरीसाठी नागपूरला पत्रा वाकवून दाखवायचा होता, तो वाकवला, आणि एसीची थंड हवा ज्यातून जाते ते पत्र्याचे मोठे बोगदे, डक्ट म्हणतात त्यांना, बनवायच्या कामावर माझी निवड झाली.

निघायच्या दिवशी घरात सगळे एकाच वेळी बोलत होते. आईनं पेटीत जवसाची चटणी, मुंगवड्या, सरगुंडे आणि वाळलेल्या लाल मिरच्यांचं एक गाठोडं कोंबलं होतं. वर कपड्यांत गुंडाळून बाबासाहेबांची छोटी तसबीर. मिरच्या बघून बाबा म्हणाले, "तिथं काय मिरच्या भेटत नाई का?" आई म्हणाली, "भेटत असन, पण आपल्यावानी जळत नसन." मग ती माझ्याकडे वळली. "समुद्राच्या जवळ जाऊ नको बाप्पा. यशोदा नदीच्या डोहात उतरता येत नाई तुले, अन् समुद्र पाह्यले चालला." बाबा चिडले, "काऊन भेव दाखवतं त्याले? तो काय पोहाले चालला का?" आणि हे सगळं बोलणं चालू असताना दोघंही रडत होती. रडता रडता भांडणारी माणसं मी पुढे खूप पाहिली, पण त्या दोघांइतकं सहज ते कुणालाच जमलं नाही.

कंपनीनं मला ठेवलं ते घर मस्कतच्या मत्रा भागात, बंदरामागच्या एका गल्लीत होतं. जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. बाल्कनीतून समोरच्या दोन घरांच्या फटीत समुद्र दिसायचा, दारात टांगलेल्या निळ्या पडद्याएवढा. आईचं ऐकून मी पहिले काही दिवस त्याच्याकडे फक्त तिथूनच पाहिलं. त्या घरात दोन माणसं राहत होती. एक इस्माईलचाचा, कंपनीचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, पांढरी दाढी, पोट सुटलेलं, स्वयंपाक त्यांच्या ताब्यात. दुसरा कुट्टी, केरळचा, आमच्या कामावरचा सगळ्यात जुना फिटर. उंच, काळा, अबोल. त्याच्या चपला दाराजवळ अशा ठेवलेल्या असायच्या, की जणू फूटपट्टीनं मापून ठेवल्या आहेत. फोरमननं गाडीतच मला नियम सांगून टाकला होता. हे घर जुन्या माणसांचं आहे. नवा माणूस तिथे पाहुणा म्हणून राहतो. ईदच्या सुट्ट्या संपल्या की ती दोघं सांगतील. दोघांनी हो म्हटलं तर राहायचं, नाही तर डोंगरापलीकडच्या कामगारांच्या कॅम्पात जायचं.

कॅम्प वाईट होता असं नाही. पुढे मी तिथे कितीदा जेवलो, चांगली माणसं होती. पण त्या दिवशी 'डोंगरापलीकडे' हा शब्द मला काळ्या पाण्यासारखा वाटला होता. आणि मी जिन्यानं पेटी घेऊन वर आलो, दार उघडलं, तर आतून आवाज आला, "आलास काय रे? जेवण झाला काय तुझा?" मराठी! वेगळ्या चालीची, खारट वाऱ्याची, पण मराठी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणालो, "नाई ना, कालपासून पोटात काईच गेलं नाई." चाचा पोळपाटावरून हात न उचलता माझ्याकडे बघत राहिले. "मले, तुले, नाई... हा कुठला मराठी रे बाबा?" मी म्हणालो, "वर्ध्याकडचं." "मग बस, वर्ध्याकडच्या. मासे खातोस काय?" त्या ताटातला तो पहिला रस्सा, नारळाचा, आंबूस, त्यात माशाचा तुकडा, आणि वर भाताचा डोंगर! समुद्राच्या माशाचा काटा कसा काढतात तेही मला ठाऊक नव्हतं. चाचांनी स्वतः काढून दिला. त्या क्षणापासून मला या घरातून हलायचं नव्हतं. इथे राहायला मिळालं तर मी सगळं निभावीन, आणि इथून काढलं तर सरळ देवळीची वाट धरीन, असं काही तरी मनात पक्कं होऊन बसलं.

पण ज्याला कुठे तरी राहायचंच असतं, तो सारखा चुकतो. पहिल्या रात्रीच एसीच्या बंद खोलीत जीव घाबरा झाला म्हणून मी घरच्या सवयीनं अंथरूण गच्चीवर नेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडायचं आणि वर चादर टाकून झोपायचं, पहाटे तर पांघरूण लागतं. इथे पहाटे उठलो तर चादर, उशी, मी, सगळं चिंब. मला वाटलं पाऊस येऊन गेला. खाली जाऊन चाचांना म्हणालो, "रात्री पाणी आलतं ना भल्लं?" ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग धुतलेला सदरा. दोरीवर टाकला तो दुसऱ्या दिवशीही तसाच दमट. मी तो तसाच घालून कामावर गेलो आणि मनात म्हणालो, इथलं ऊन कामचुकार दिसतं. एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसाला जे पक्कं माहीत असतं ना, ते त्याला दुसरं काही शिकू देत नाही.

आणि मग मिरच्या. चाचांना ठेचा खाऊ घालावा म्हणून मी एका संध्याकाळी आईच्या गाठोड्यातल्या मिरच्या तव्यावर टाकल्या, घरात टाकतो तशाच, सढळ हातानं. आमच्या स्वयंपाकघरावर कौलं होती, मिरचीचा खाट, म्हणजे नाकातोंडात झोंबणारा धूर, उठायचा तो वर निघून जायचा. इथे दारं-खिडक्या बंद, एसी चालू. तो खाट त्या दोन खोल्यांत असा फिरला की कुट्टी आंघोळ अर्धवट सोडून, अंगावर साबण तसाच ठेवून, लुंगी सावरत जिन्यात जाऊन उभा राहिला. खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा खोकत बाहेर आली. चाचांनी डोळे पुसत ठेचा खाल्ला आणि "चांगला झालाय" म्हणाले. कुट्टी जेवायला बसला नाही. फक्त चाचांकडे बघून शांतपणे म्हणाला, "ये नहीं चलेगा." ठेचा चालणार नाही की मी चालणार नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

त्यानंतर मी त्या माणसाला खूश करायला काय काय केलं! त्याच्या चपला माझ्या पायानं हलू नयेत म्हणून भिंतीला घासून चाललो. तो रेडिओ लावून मल्याळम बातम्या ऐकायचा, तेव्हा मीही मान हलवत ऐकायचो, जणू मला सगळं कळतं. एकदा त्यानं विचारलं, "समझता है?" मी म्हणालो, "थोड़ा थोड़ा." त्यानं रेडिओ बंद केला.

ईदच्या सुट्ट्या लागल्या आणि नेमका एसी बंद पडला. आम्ही अख्ख्या शहराला थंड हवेचे बोगदे जोडून देणारी माणसं, पण एसीचं आतलं यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक सुट्टीवर, आणि तो येईपर्यंत आम्ही तिघं घामात. ईदच्या सकाळी चाचा नमाज पढून आले तेव्हा त्यांचा नवा पांढरा कुर्ता अंगाला चिकटून आतलं बनियन दिसत होतं. तरी त्यांनी आधी शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली. "घे, पोरा. घरचा सण नाही तुझा, पण गोड तर गोडच असतो." मग ते खुर्चीत बसून पुठ्ठ्यानं वारा घेऊ लागले. कुट्टी सकाळीच आपल्या गाववाल्यांकडे निघून गेला होता. मी ती वाटी चाटून पुसून खाल्ली आणि चाचांच्या कपाळावरून ओघळणाऱ्या घामाकडे बघत बसलो. या माणसाला आपण काय देऊ शकतो? आणि एकदम सुचलं, इतकं सोपं, इतकं माझं, की इतके दिवस कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

"चाचा, मी तुमाले थंडी हवा देतो."

"तू कुठून देणार?"

"कूलर बनवतो ना! वर्ध्याले घरोघरी असते. हा हा म्हणता खोली काश्मीर करून टाकतो."

"बनव बाबा," चाचा पुठ्ठा हलवत म्हणाले. "काश्मीर नको, रत्नागिरी झाली तरी पुरे."

वर्कशॉप इमारतीच्या मागेच होतं आणि स्टोअरची किल्ली चाचांकडे. आवारात पत्र्याचे वाया गेलेले तुकडे पडलेले. भंगारातून एक पंखा मिळाला, शोभेच्या कारंज्याचा एक जुना छोटा पंपही मिळाला. मी शर्ट काढला आणि कामाला लागलो. खाली पाण्याची टाकी, वर पेटी, तीन बाजूंना जाळ्या, पुढे पंखा. पंप पाणी वर चढवणार, ते जाळीतल्या गवतातून झिरपत खाली येणार, आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढणार. हातोडीचा पत्र्यावरचा आवाज ऐकला आणि मला देवळीचा बसस्टँड ऐकू आला; चहावाल्याची आरोळी, पुलगावच्या गाडीचा हॉर्न, रामेश्वरभाऊंची शिवी. घर सोडल्यापासून मी पहिल्यांदाच न घाबरता काही तरी करत होतो. चाचा वरून डोकावून बघत होते आणि म्हणत होते, "हात चांगला आहे रे तुझा."

अडलं ते गवतापाशी. त्या गावात गवत कुठलं? चाचा वरून म्हणाले, "बाल्कनीत बघ, कोपऱ्यात भंगार पडलाय, काय तरी मिळेल." बाल्कनीच्या कोपऱ्यात रिकामे डबे होते, मोडकी खुर्ची होती, आणि त्यांच्यामागे दोरीनं बांधलेली एक जुनी गादी. टोक फाटलेलं, आतून तपकिरी काथ्या डोकावत होता. नारळाचा काथ्या! गवताच्या तोंडात मारेल असा. मी ती गादी उभी चिरली, काथ्या पिंजला, आणि तिन्ही जाळ्या ठासून भरल्या. रामेश्वरभाऊंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

दुपारी कूलर हॉलमध्ये ठेवला. पाणी भरलं, चाचांनी फ्रीजमधला बर्फ टाकला, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि हवेचा झोत थेट चाचांच्या दाढीवर गेला. त्यांनी डोळे मिटले. "वा!" म्हणाले. "वा रे वर्धा!" मी दारात उभा, कमरेवर हात, छाती फुगलेली. काही वेळ खरंच बरं वाटलं. मग बर्फ विरघळला.

मग काय झालं ते मला त्या वेळी समजत नव्हतं. हवा येत होती, भरपूर येत होती, पण ती अंगाला लागून तिथेच बसत होती, गुळाच्या पाकासारखी. चाचांचा सुकत आलेला कुर्ता पुन्हा चिकटला. आरशात आम्ही दिसेनासे झालो. ताटलीतली बिस्किटं मऊ पडून एकमेकांवर लवंडली, मिठाच्या वाटीत पाणी सुटलं, आणि चहा करायला गेलो तर काडी पेटेना. भिंतीवरून थेंब ओघळू लागले. मी काय केलं? कूलरमध्ये आणखी पाणी ओतलं.

"अरे, काय करतोस?"

"थोडं थांबा चाचा. काथ्या नीट भिजला नाई अजून. आता पकडते, पाहा."

"काय पकडते? मला पकडलाय! श्वास घेता येत नाही!"

"पाणी कमी पडून राह्यलं असन..."

चाचा उठले, माझ्या हातातली बादली काढून घेतली, आणि मला खिडकीपाशी नेऊन घरांच्या फटीतला तो निळा पडदा दाखवला. "तो काय आहे?"

"समुद्र."

"हवेतच पाणी भरलाय रे त्याचा. ती पोटभर प्यायलेली आहे. तिला आणखी पाणी पाजून ती काय करणार? ओकणार!" आणि ते हसू लागले. मलाही त्या क्षणी सगळं कळलं. गच्चीवरची चादर, न वाळणारा सदरा, सगळं. आमच्याकडची हवा तहानलेली असते, म्हणून ती पाणी पिते आणि थंड होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, थंडावा मी बनवतो. तो माझ्या गावची हवा बनवत होती. मी फक्त पेटी बनवायचो. आज माझ्या ओट्यावर कूलर चालू असतो तेव्हा मी त्या कोरड्या हवेचे मनात आभार मानतो. मुलगी म्हणते, बाबा कूलरशी काय बोलता?

मी पण हसायला लागलो होतो, एवढ्यात चाचा वाकून जाळीत बघू लागले आणि त्यांचं हसू थांबलं. "हा काथ्या कुठला घेतलास?"

"बाल्कनीतल्या गादीतला. तुमीच म्हटलं ना, भंगार..."

"गादी? दोरीनं बांधलेली?" चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. ती कुट्टीची गादी रे. त्याच्या आईनं गावाहून दिलेली. वापरत नाही, पण कुणाला हात लावू देत नाही. मी एकदा टाकायला निघालो होतो, तर आठवडाभर बोलला नाही माझ्याशी."

ज्याच्या एका शब्दावर मी इथे राहणार की जाणार ते ठरणार होतं, त्याच्या आईनं दिलेली गादी मी चिरून पाण्यात घातली होती. मी बाल्कनीत जाऊन रिकामी खोळ उचलली, तिच्यात काथ्या परत भरता येईल का बघितलं. तो तर शेवयांसारखा पिंजला होता. मग मी आत जाऊन पेटी काढली आणि कपडे घड्या न करताच भरायला लागलो. चाचा म्हणाले, "काय करतोस?" मी म्हणालो, "डोंगरापलीकडे जातो चाचा. त्यानं म्हणायच्या आधीच गेलेलं बरं." ते काही बोलायच्या आत जिन्यात पावलं वाजली. कुट्टीची पावलं ओळखू यायची, सावकाश, एकसारखी. मी कूलर बंद करायला धावलो, पण तोवर दार उघडलं.

तो दारात उभा राहिला. ओघळणाऱ्या भिंती पाहिल्या, चाचांना पाहिलं, मला पाहिलं, पत्र्याची ती पेटी पाहिली. माझ्या हातात अजून गादीची खोळ होती. ती मी पाठीमागे लपवली, पण ती लपण्याएवढी लहान नव्हती. त्याची नजर खोळीवर गेली, तिथून जाळीवर.

कुट्टीनं चपला काढल्या. मापून लावायच्या तर राहिल्याच, त्या तशाच वाकड्या पडल्या. तो चालत कूलरपाशी आला, खाली मांडी घालून बसला आणि तोंड अगदी पंख्याच्या समोर नेलं. त्याचे केस मागे उडत होते. त्यानं लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मी आणि चाचा एकमेकांकडे बघत होतो.

"चाचा," तो डोळे न उघडता म्हणाला, "बास आ रहा है?"

खरंच वास होता. मला तो इतका वेळ कुजकट वाटला होता. ओल्या काथ्याचा, साचलेल्या पाण्याचा, काही तरी जुनं भिजल्याचा. मी घाईघाईनं म्हणालो, "अभी बंद करता हूँ, भाई."

"बंद मत करना." त्याचा आवाज बदललेला होता. मग तो बोलत राहिला, त्याच्या तुटक हिंदीत, आणि मी त्या घरात आल्यापासून तो इतका बोललेला ऐकला नव्हता. त्यांचं घर पाण्याच्या काठाला होतं. तिथे नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पाण्यात भिजत घालतात आणि मग बाया काठावर बसून ती लाकडानं कुटतात, काथ्या काढतात. त्याची आई सकाळपासून कुटत बसायची आणि हा तिच्या पाठीला टेकून झोपायचा. तिच्या साडीला, केसांना, हाताला, तिनं भरवलेल्या भातालाही हाच वास. ही गादी तिच्याच काथ्याची. इथे आणली तेव्हा वास होता, मग एसीच्या खोलीत राहून ती सुकली आणि वास गेला, म्हणून त्यानं ती बाल्कनीत बांधून ठेवली. त्यानं कितीदा नाक लावून पाहिलं होतं. "सूखा हो गया था," तो म्हणाला. "मुझे मालूम नहीं था, पानी डालना है."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. मग, बहुधा कुणी तरी काही तरी बोलायला हवं म्हणून, म्हणाले, "अरे पण भिंती रडतायत, कुट्टी."

"रोने दो. मेरा गाँव में ऐसाच रहता है." आणि तो हसला. मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

त्या संध्याकाळभर आम्ही तिघं त्या वाफेच्या खोलीत बसून होतो. चाचा तक्रार करत होते, कपाळ पुसत होते, शिरखुर्मा वाढत होते. कुट्टीनं मला खूण करून टाकीत पाणी भरायला सांगितलं आणि मी भरलं. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कूलरमध्ये पाणी भरलेलं नाही. पुढे मेकॅनिक आला, एसी दुरुस्त झाला, पण ती पेटी बाल्कनीत राहिली आणि सुट्टीच्या दिवशी कुट्टी ती थोडा वेळ लावून समोर बसायचा. थंडी हवा न देणारा माझा तो एकच कूलर, आणि इतका वापरलेला दुसरा कुठलाही नाही.

जेवायला बसलो तेव्हा चाचांनी, मी तिथे नाहीच अशा सुरात, कुट्टीला विचारलं, "मग फोरमनला काय सांगू?" माझा घास हातातच राहिला. कुट्टीनं भात कालवला, रस्सा ओतला, पुन्हा कालवला. त्याला घाई कशाचीच नसायची. मग म्हणाला, "मिर्ची बाल्कनी में भूनेगा. दरवाज़ा बंद करके."

एवढंच. चाचांनी मला कोपर मारलं. "ऐकलास काय? आता तोंड मिट आणि जेव. आणि ती पेटी भरून ठेवलीस, ती रिकामी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "जा, बंदरावरून मासळी आण. पाहुण्याला नाही पाठवत आम्ही, घरच्या माणसानं आणायची असते." मी म्हणालो, "मले मासे ओळखू येत नाई ना चाचा." "मग ओळख करून घे. मला तरी तू कुठे ओळखू येत होतास?"

अशा रीतीनं मी आईचं न ऐकता पहिल्यांदा समुद्राच्या अगदी जवळ गेलो. बंदरावर बोटी हेलकावत होत्या, पक्षी किंचाळत होते, आणि ओट्यांवर मासे मांडलेले. चांदीसारखे, लाल, चपटे, तोंड वासलेले. एकाचंही नाव मला येत नव्हतं. वाऱ्यानं सदरा अंगाला चिकटत होता, पण आता मला त्याचं कारण माहीत होतं, आणि कारण माहीत असलं की चिकटणं इतकं खुपत नाही. एका म्हाताऱ्या अरबाच्या ओट्यापुढे मी थांबलो, कारण त्याचा चेहरा मायाळू होता, आणि पिशवी पुढे धरली. मी नवखा आहे हे त्यानं लगेच ओळखलं. सुरी पुसत मोडक्या हिंदीत विचारलं, "घर में कितना आदमी?"

कुणी विचारलं की माझ्या तोंडात देवळीचं घर यायचं. आई, बाबा, मी. आत्ता मात्र डोळ्यांपुढे चाचांचा भिजलेला कुर्ता आला आणि वाकड्या पडलेल्या चपला आल्या.

"तीन," मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं होतं, तो मासा निवडायलाही लागला होता. तरी मी आणखी एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं, "तीन."